मढं आणायला

त्या खेळात मेलं की माणूस
विहिरीपाशी उभा राहायचा, उघडाबंब,
एक करडी चड्डी तेवढी अंगावर,
आणि त्याचं सगळं, तलवार, ढाल, तीन महिन्यांची नाणी,
तिकडे दलदलीत
त्याच्याच मढ्याखाली.
तासाभरात आणलं नाही तर विरून जायचं.

एकट्याने जाणं शक्यच नव्हतं.
खेळ तसा बनवला होता,
किंवा नीट बनवता आला नव्हता.
मग लिहायचं: मेलो. दलदलीत. कोणी येता का?
आणि लोक यायचे.
कोणी मासे धरायचं सोडून,
कोणी स्वतःची लढाई अर्धी टाकून.
मिळायचं काही नाही.

जरीपटक्यात आहुजा अंकलचं सायबर कॅफे,
पहिल्या मजल्यावर, चपला जिन्यात.
रात्रीचं पॅकेज साठ रुपये, अकरा ते सहा.
मे महिना, कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
आठ मशीन, पाचव्याचं एंटर अडकायचं.
आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.
शेजारच्याला पाणी मागायचं तरी टाइप करून.

मग लाइन जायची.
अंधारात अंकल सिंधीत शिव्या द्यायचे,
आम्ही घामेजून म्हणायचो, गेलं बे, मेलो आता.
पण लाइन आल्यावर बघतो तर
आठही जण जिवंत, जिथल्या तिथे पुतळ्यासारखे,
आणि भोवती एक भालेवाला फेऱ्या मारून राहिला.
पोलंडचा होता का पेरूचा, कधी कळलं नाही.
त्याला आम्ही 'काय बे' शिकवलं होतं.
दिवाळीपर्यंत अर्धा मुलूख एकमेकांना 'बे' म्हणत होता,
बर्फातले बुटके, शिंगवाले,
पऱ्यासुद्धा.

हकीम_नऊ जखमा भरायचा.
त्याने कधी कोणाला मारलं नाही,
मागे उभा राहून
सगळ्यांच्या लाल पट्ट्यांवर डोळा ठेवायचा.
आमच्यातलाच, तिसऱ्या मशीनवरचा,
सारखा खोकणारा. एवढंच माहीत.

चार रात्री आला नाही.
मग दोनच्या सुमाराला, कुठून कोण जाणे, एक ओळ:
बाबा गेले. उद्या सकाळी दहा. इंदोरा, विहारामागे.

पाच जण गेलो.
नाव ठाऊक नाही.
पानठेल्यावर विचारलं, हकीम कुठे राहतो?
पानवाला म्हणाला, इथे कोणी हकीम नाही ना बा,
होमिओपॅथीचा चालेल का?
शेवटी मांडव दिसला, पांढरे कपडे,
त्रिसरण सुरू होतं,
आणि त्यातून तोच खोकला.

त्यानेच ओळखलं. एकेकाकडे बघत
अगदी हळू म्हणाला, वाघनख?
मांजर?
प्रशील नगरारे हे नाव तेव्हा कळलं,
दुसऱ्या कोणीतरी त्याला हाक मारली म्हणून.

खांदा बदलताना माझी पाळी आली.
उन्हाने बांबू तापला होता.
आणि मला, सांगायला लाज वाटते,
दलदल आठवली.

आता प्रशील पुण्यात असतो.
कॅफेच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात.
भाचा खेळतो, बटण दाबलं की
चार सेकंदांत चार सोबती, जिंकले की चौघेही गायब.
मी विचारलं, मेल्यावर सामान कुठे राहतं?
सामान जातच नाही, मामा.
बरंच आहे म्हणा. मीही त्या तलवारीपायी
बारावीचं फिजिक्स घालवलं होतं.

परवा रात्री लाइन गेली.
इन्व्हर्टरही बसला.
मी खुर्चीत होतो तसाच बसून राहिलो,
हात उचलला नाही,
मेणबत्ती शोधली नाही,
बाहेर कोणी फेऱ्या मारत असेल
तर मी जागचा हललेलो नसावा.