फर्मा

आधी पिशवी सुटायला लागली.
तीन दिवस टिकणारी, आता दुपारीच एका कडेनं ओली.
मी चिकटपट्टीला दोष दिला, मग घामाला,
मग पूर्णगडच्या खाडीवरच्या दमट हवेला.
इंदुमतीनं मला आरशासमोर बाजूनं उभं केलं.
म्हणाली, सदऱ्याची कड बघा,
डाव्या अंगाला वर चढलीय.

खरंच.
आतडं जिथं पोटावर आणून शिवलंय
त्याच्या भोवती अर्ध्या नारळाएवढा उंचवटा.
उभा राहिलो की आहे,
खोकलो की जास्तच आहे,
उताणा पडलो की
जणू कुणी आलंच नव्हतं.

रत्नागिरीला परकार सिस्टरनी हात ठेवला. खोका.
खोकलो.
हर्निया, म्हणाल्या. पुष्कळांना होतो.
मी विचारलं, टाके कच्चे पडले का?
तुम्ही होड्या बांधता ना, त्या म्हणाल्या,
फळीला भोक पाडल्यावर काय होतं?

काय होतं ते चाळीस वर्षं मीच पोरांना सांगत आलोय.
सामता जपून फिरव रे.
भोकाभोवतीचं लाकूड
त्या दिवसापासून निराळं लाकूड.

आणि मी काय केलं होतं?
ऑपरेशनला चार महिने नाही झाले तोच
ऐनाचा ओंडका एका टोकानं उचलला,
कारण दुसऱ्या टोकाला संदेश एकटा होता.

आता पट्टा. रुंद, मापाचा,
पिशवीसाठी मधे जागा सोडलेला.
उठायच्या आधी, पडल्या पडल्या बांधायचा,
सगळं आत असतानाच.
उठायचं ते कुशीवर वळून, हाताच्या रेट्यानं.
शिंक आली की तळवा तिथं,
देवाला नमस्कार करावा इतक्या सवयीनं.
परत ऑपरेशन करता येतं म्हणतात.
परत होऊही शकतो म्हणतात.
दुखत नाही तोवर बघू म्हणतात.

भोकाचा आकार बदललाय.
पूर्वीची वाटोळी पिशवी बसत नाही,
तेव्हा मी माझं काम केलं:
पुठ्ठा घेतला, पेन्सिल घेतली,
बसून एक माप, उभ्यानं एक,
आणि फर्मा कापला, अंडाकृती, डावीकडे जरा फुगीर.
आयुष्यात कापलेला सगळ्यांत लहान फर्मा.
सिस्टरनी तो उजेडाकडे धरला.
म्हणाल्या, हा मला ठेवून घेऊ द्या.
म्हटलं, दुसरा कापतो, हा माझा आहे.

रोज सकाळी रंग बघायचा.
फोडलेल्या रातांब्यासारखा लाल, ओला: ठीक.
आमसुलासारखा काळपट व्हायला लागला,
पोटात कळा, उलट्या, पिशवी कोरडी,
किंवा उताणा पडूनही उंचवटा आत जाईना,
तर चहासुद्धा न घेता गाडी करायची.
इंदुमतीनं हे कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलंय,
गाडीवाल्या मुजीबचा नंबर खाली, दोनदा.

गेल्या गुरुवारी संदेशची पहिली होडी उतरवली.
पहिलं लाकूड निवडण्यापासून त्याची.
सोळा जण खांदे लावून. मी सतरावा, कोरडा.
काका, तुम्ही नुसती आरोळी द्या, तो म्हणाला.
मी तोंड उघडलं
आणि हात आपोआप पोटावर गेला.
आरोळी कुठून येते
हे मला साठीनंतर कळतंय.

मग डिझेलचा रिकामा पिंप ओढून आणायला लावला,
हातोडी उलटी धरली, दांड्यानं ताल दिला.
पहिले दोन ठोके चुकले, पोरं हसली.
तिसऱ्याला होडी हलली.

पहिल्या रात्री नवी होडी गळते.
लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आवळतात.
फुगण्याचा हा एक उपयोग, मला न लाभलेला.
मी पट्टा सोडून पडलो होतो, छपराकडे बघत.
अकराला संदेशचा फोन:
काका, पाणी येतंय.
किती?
येतंय हो, बरंच.
बरंच म्हणजे किती डबे?
पलीकडे पाणी उपसल्याचा आवाज, मग थांबला.
घाबरू नको, म्हटलं. मोज.
दर तासाला मोज आणि लिहून ठेव.