सौदा मोडू का?

गंजगोलाईच्या मागं, बॅटरीच्या दुकानावर,
जिन्याला कठडा नसलेल्या खोलीत बसून
मी मोजले : सतरा स्क्रीन, सतरा डायलॉग.
ज्यानं त्यानं आपापला पाळलेला.
कुणाचे कोपरे गोल, कुणाचे टोकदार,
एक बाहेर बोट टेकलं की पळून जायचा,
एक कीबोर्डाखाली दबून गुदमरायचा.
वीरभद्र पुण्याला गेला तेव्हा म्हणाला होता,
चालतंय की, हात लावू नको.

ॲप तसं साधं. आडतीचं.
तूर किती कट्टे आली, काय भाव फुटला, कुणाला गेली.

मी ठरवलं, विचारणारा एकच असेल.
ॲपच्या मुळाशी, सगळ्या पडद्यांच्या वर त्याला बसवायचा.
बाकी कुणी स्वतः उठून आडवं यायचं नाही,
त्याच्याकडं चिठ्ठी द्यायची, एवढं विचार,
आणि उत्तर येईपर्यंत गप थांबायचं.
दोन चिठ्ठ्या एकदम आल्या तर रांग.

बोलायला सोपं. मला नऊ दिवस लागले.
तिसऱ्या दिवशी दोन डायलॉग एकमेकांवर चढले,
मागची काळोखी दुप्पट झाली,
गौस म्हणाला, अक्का, ग्रहण लागलं बघ ॲपला.

दहाव्या दिवशी फोन घेऊन मार्केट यार्डात गेले.
मन्मथप्पा कोरे, मुनीम,
करंगळीच्या वाढवलेल्या नखानं स्क्रीन दाबतात.
स्क्रीन म्हणाली : रद्द करायचे आहे का?
खाली दोन बटणं : रद्द. ठीक.
त्यांनी रद्द दाबलं. काहीच झालं नाही.
पुन्हा दाबलं.
"रद्द करायचंय म्हणून रद्द दाबलं,
तर रद्द करणंच रद्द झालं.
आता तूच सांग माय, बोट कुठं ठिवू?"

मी हसले नाही. ते वाक्य माझंच होतं.

मग चहा आला, आणि त्यांनी रुमालाचं सांगितलं.
पूर्वी भाव तोंडानं बोलायचे नाहीत,
वर कापड, खाली दोन हात, बोटांची भाषा.
बाजार तिथंच असायचा,
काटा, हमाल, पोत्यावर झोपलेलं कुत्रं,
पण त्या दोघांना काही दिसायचं नाही.
उत्तर मिळाल्याशिवाय रुमाल उचलायचा नाही.
"चोरी पण त्याच्याखालीच व्हायची," ते म्हणाले,
"बंद झालं ते बरंच झालं."

परत येऊन मी मागची काळोखी
साठ टक्क्यांवरून तीसवर आणली.
विचारताना मागचे कट्टे, मागचा भाव दिसत राहू दे.
आणि वाक्य बदललं :
सौदा मोडू का?
मोडा. राहू द्या.

राहिला मागं जायचा बाण.
तो दाबला की डायलॉग मिटायचा,
आणि ॲप समजून चालायचं : नाही म्हणाले.
गौस म्हणाला, बरोबरच आहे की, बोलले नाहीत म्हणजे नाही.
मागच्या महिन्यात औशाच्या स्थळाबद्दल
मी काहीच बोलले नव्हते.
आमच्या घरी ते हो धरलं गेलं.
मी गौसला हे सांगितलं नाही.
फक्त कोडमध्ये हो आणि नाहीच्या खाली
तिसरं उत्तर लिहिलं : अजून बोललेले नाही.
तसं असेल तर काही मोडू नये, काही जोडू नये,
सगळं होतं तिथं ठेवावं.

सोळा डायलॉग काढून टाकले.
सतरावा वीरभद्रचा, एका जुन्या फाइलीत तळाशी,
वजन शून्य आलं तरच उघडणारा.
कोपरे वाकडे, रंग भलताच, अक्षर बारीक :
काट्यावर काही नाही. तरी पुढं जायचं?
त्याला मी हात लावला नाही.