वीतभर अंतर

विक्रोळी, कन्नमवार नगर, नवी इमारत, अकरावा मजला.
तक्रार एवढीच: नेट सारखं जातं.
तिरोडकरकाकूंनी दार उघडलं
आणि मला राऊटर दिसेचना.
होता तो. टीव्हीच्या कपाटात,
मागे आरसा, शेजारी स्टीलचे डबे,
आणि अंगावर क्रोशाचं झाकण,
कडेला मणी ओवलेलं.

"धूळ बसते ना रे."
मी झाकण उचललं, हात लावला,
तापलेल्या पोराचं कपाळ.
म्हटलं, काकू, याला अंगभर भोकं आहेत
ती श्वास घ्यायला.
त्यांनी झाकणाची घडी घातली,
थोडी रागानं, थोडी जपून.

मग ॲडॅप्टर बघितला. निघाला कुठल्या तरी जुन्या खेळण्याचा.
मूळचा गेल्या गणपतीत
रोषणाईच्या गडबडीत हरवला.
"पण पिन तर बसली की!"
बसते. पिना बऱ्याच ठिकाणी बसतात.
याला लागतात बारा व्होल्ट, तो देतो नऊ,
म्हणून हा उठतो, दोन दिवे लावतो,
आणि परत आडवा होतो.
काकू आतल्या खोलीकडे बघत म्हणाल्या,
"आमची पत्रिका पण अशीच बसवली होती."

आतून काका आले. विश्राम तिरोडकर,
पोलिसांच्या बिनतारी खात्यात चौतीस वर्षं.
बिनतारी.
हा शब्द मी शेवटचा शाळेच्या पुस्तकात पाहिलेला,
त्यांच्या तोंडून आला तो अजून नोकरीत असल्यासारखा.
बनियनच्या वर, डाव्या हाडाखाली,
काडेपेटीएवढा उंचवटा: पेसमेकर.

"फ्रिक्वेन्सी काय याची?"
लोक विचारतात स्पीड किती, बिल कधी,
शेजारचा फुकट तर वापरत नाही ना.
फ्रिक्वेन्सी कुणी विचारत नाही.
"दोन पूर्णांक चार. आणि पाच. गिगाहर्ट्झ."
"दोन-दोन वाटा?" ते हसले.
"आमच्याकडे एकच. एक बोलला
की बाकी सगळ्यांनी दातावर दात.
तो 'ओव्हर' म्हणेपर्यंत खोकायचंसुद्धा नाही."
माझ्या फोनवर तेव्हा अडतीस नेटवर्कं दिसत होती,
भिंतींतून, जिन्यातून, वरून, खालून,
सगळी एकदम बोलणारी,
'ओव्हर' कुणीच म्हणत नव्हतं.

"आणि याचं काय?" त्यांनी छातीवर बोट ठेवलं.
पुस्तिकेत बारीक छापलंय: शरीरापासून वीस सेंटीमीटर.
म्हटलं, वीतभर. डॉक्टरांनाही विचारून घ्या,
पण उशाशी नको, मांडीवर घेऊन खोलायचा नाही.
त्यांनी हाताची वीत ताणली,
छातीपासून हवेत एकदा मोजली,
आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.
"जुन्या खोलीत आम्ही सात जण झोपायचो," म्हणाले,
"एवढं अंतर कुणाच्या वाट्याला आलंच नाही."

भिंतीत दोन स्क्रू मारले.
राऊटर उंच, उघडा, मायक्रोवेव्हपासून लांब.
काकांच्या जुन्या फोनला पाच दिसेचना,
त्याच्यासाठी हळू वाट चालू ठेवली.
"ठेव बाबा," काकू म्हणाल्या,
"घरात एकानं तरी हळू बोलावं."

राहिला पासवर्ड. कंपनीचा बुडाला चिकटवलेला,
तो बदलायचा. नाव नको, जन्मतारीख नको,
मोबाईल नंबर तर नकोच नको.
मी खिडकीकडे तोंड फिरवलं,
आमच्या धंद्यातली रीत ही.
बाहेर कांदळवन, त्यापलीकडे खाडी,
एका मनोऱ्यावर लाल दिवा.
मागे काका विचार करत होते
आणि त्यांचं बोट टेबलावर वाजत होतं:
टक, टक-टक, एक लांब,
थांबून पुन्हा टक.

अख्खा पासवर्ड मी कानांनी ऐकला.
एक अक्षर कळलं नाही.

"झालं," ते म्हणाले.
हिरवा दिवा लागला, लुकलुकला, ठरला.
क्रोशाचं झाकण तोवर
मिक्सरच्या डोक्यावर गेलं होतं.