उद्गारचिन्ह चालतं

हल शहरात नोव्हेंबरात चार वाजले
की दिवस शटर ओढून घेतो.
महापालिकेच्या गटार-खात्यात, तिसऱ्या मजल्यावर,
मी आणि एक एक्सेल शीट,
दोन हजार एकशे सहा ओळी.

जुन्या सर्व्हरवरचा संसार
सोमवारच्या आत नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचाय.
ज्यांनी तो मांडला त्या ग्लेनिस ऑक्सटोबी
ऑगस्टात निवृत्त झाल्या.
जाताना प्रत्येक फोल्डरचं नाव या शीटमध्ये उतरवून गेल्या,
एका बोटानं टाइप करत, असं नील सांगतो.

पहिल्या रकान्यात आई, दुसऱ्यात लेक, तिसऱ्यात नात.
क्रम चुकला की सॉफ्टवेअर विचारतं,
हिचे आईबाप कुठायत,
आणि ओळ लाल करून मोकळं होतं.
आधी आई, मग लेकरं.
एवढं एकच शहाणपण त्याच्यापाशी,
पण पक्कं.

ओळ तीनशे बारा : लँड ऑफ ग्रीन जिंजर.
मला वाटलं, बाईंनी जेवणाच्या सुट्टीत
भाजीची यादी इथंच केली.
ओल्या आल्याचा मुलूख, आणि त्याचा फोल्डर?
नीलनं खिडकीकडे बोट केलं,
"पाच मिनिटांवर आहे. रस्ता आहे तो. त्यालाही गटार आहे."
ठेवली ओळ.

नावांच्या शेवटी राहून गेलेल्या स्पेसा,
हे न दिसणारे खडे,
सूत्र लावून निवडले.
मग पहिली चाचणी.
एकाहत्तर चुका.
नावात स्लॅश चालत नाही, तारा चालत नाही,
प्रश्नचिन्ह चालत नाही.
उद्गारचिन्ह चालतं.

एकाहत्तरच्या एकाहत्तर प्रश्नचिन्हं होती.
स्टोनफेरी, पंप तीन, आवाज कसला?
नकाशा जुना, की नदी?
मिसेस ब्लेंकिन, तळघर, पुन्हा?

शोधा आणि बदला, एका क्लिकचं काम.
केलं.
"कसला" होतं म्हणून पंपाचा प्रश्न तगला,
पण काहींचा सगळा जीव
त्या शेवटच्या आकड्याला लटकलेला होता.
मिसेस ब्लेंकिन, तळघर, पुन्हा.
कोणीतरी निकाल वाचून दाखवावा
आणि फाइल मिटावी, तसं.

दुसरी चाचणी हिरवी.
मोजलं तर अठ्ठावन्न फोल्डर कमी.
रिकामे होते ते. आत फाइल नसेल
तर सॉफ्टवेअर फोल्डर बनवतच नाही,
आणि बनवला नाही असं सांगतही नाही.
बाईंनी प्रश्न लिहून जागा धरून ठेवली होती,
उत्तर आलं तर बसेल म्हणून.

आमच्याकडे शेजारणीचं भांडं
रिकामं परत देत नाहीत.
आई काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची,
आणि तीही संपली असेल तर
भांडं आणखी एक दिवस ओट्यावर राहायचं.

रात्री साडेआठला,
सफाईवाल्या डोरीननं माझ्या पायांखालून व्हॅक्यूम फिरवला तेव्हा,
मी अठ्ठावन्न फाइली केल्या.
प्रत्येकीचं नाव साखर.
प्रत्येकीत एकच अक्षर.
नावात चालत नाही ते चिन्ह
आत चालतं.
आत कोणी बघत नाही.

सोमवारी अकरा मिनिटांत सगळं वर चढलं.
नीलनं विचारलं, हे साखर म्हणजे काय,
कुठल्या प्रणालीचं संक्षिप्त रूप?
मी म्हटलं, जागा राखायची पद्धत आहे, जुनी.
त्यानं मान डोलावली आणि मॅन्युअलमध्ये लिहून टाकलं.

गुरुवारी पंप तीनची साखर कोणीतरी उघडली.
माझ्या चिन्हाखाली एक ओळ :
बेअरिंग. मार्चमध्ये बदललं.
नाव नाही, सही नाही.
मी ती तीनदा वाचली आणि ग्लेनिसबाईंना
पोस्टकार्ड धाडलं, फक्त तेवढीच ओळ.

मिसेस ब्लेंकिनच्या फोल्डरात
अजून साखरच आहे.
बाहेर पाऊस धरतोय.
त्यांचा फोन नंबर बाईंनी
शेजारच्या रकान्यात लिहून ठेवलाय.