जाग्यावर पलटी

रात्रपाळीत, उद्यमनगरात,
चहाच्या किटलीला टेकवून
शिवाप्पा बडिगेरनं मोबाईल उभा केला.
पडद्यावर रॉकेट निघालं होतं,
पोटात एकवीस उपग्रह,
पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक.

वर जाणाऱ्याचं आम्हाला कौतुक नव्हतं.
दिवाळीचे बाण आम्हीही सोडलेत
आणि काड्या सकाळी कुणाच्या तरी कौलावर सापडल्यात.
आम्ही थांबलो होतो खाली येणाऱ्यासाठी.

आठ मिनिटं.
मग ढगातून एक नळकांडं, काजळीनं काळं,
बुडाला जाळ, पाय पसरत,
समुद्रात डोलणाऱ्या तराफ्यावर
उभं राहिलं.
"खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" शिवाप्पा ओरडला
आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाही.

अडतीस वर्षं लोखंड ओततोय तो.
त्याच्याकडं परत येतं ते रिजेक्ट होऊन,
पोटात हवेचा फुगा, कडेला तडा,
आणि पुन्हा भट्टीत जातं.
"ह्याला कुणी वितळवणार न्हाई," तो म्हणाला,
"पुसतील, तपासतील, परत धाडतील."
कौतुकानं म्हणाला की हेव्यानं, कळलं नाही.

मी केबलवाला.
वीस वर्षं ह्या गावाच्या गच्च्या काळ्या वायरीनं शिवल्या,
मंगळवार पेठेपासून टाकाळ्यापर्यंत.
उंच गणपती आला की बांबूनं वायर वर धरायची,
देव गेला की खाली सोडायची.

गेल्या महिन्यात गगनबावड्याच्या पुढं
एका धनगरवाड्यावर परातीएवढी डिश लावून आलो.
वायर लागली पंधरा मीटर.
पुढं सगळं नुसतं आभाळ.
सोनाबाई झोरेनं विचारलं, "ह्याचा खांब कुठाय?"
मी वर बोट केलं.
ती बघत राहिली. "आनि पडला तर?"

पडणारच आहेत. पाच-सहा वर्षांत एकेक
वरच्यावर जळून जाईल.
परत यायचं ते त्या काळ्या नळकांड्यानं,
जे दारापर्यंत पोचवतं
आणि आत जात नाही.

माझ्या उरलेल्या वायरीच्या चार गुंडाळ्या
शिवाप्पाच्या शेडमागं पडल्यात.
तांबं काढून विकायचं ठरलंय.
एक मात्र अजून ताणलेली आहे,
घाटग्यांच्या गच्चीपासून टाकीपर्यंत.
सिग्नल नाही तिच्यात. वैनी कपडे वाळत घालतात.

पहाटे तिच्यावरून ठिपके गेले, ओळीनं,
आवाज न करता.
मी मोजले. वीस भरले.
एक घाटगेवैनींच्या ओल्या चादरीमागं असणार.