विश्रांतीची नोंद

इन्व्हरकार्गिलला जुलैत सकाळी आठलाही नीट उजाडत नाही.
प्रयोगशाळेत आम्ही एक घर मांडलंय:
बेसिन, पलंग, सोफा, टीव्ही,
आठ धुतलेल्या बशा, पुन्हा धुण्यासाठी.
कचरा नाही, म्हणून कागदाचे कपटे
मीच पसरते फरशीवर
दरवेळी वजन करून, चाळीस ग्रॅम.

मुलाच्या नाकातोंडावर मास्क, पाठीवर डबा.
आत गेलेली हवा, बाहेर आलेली हवा,
त्यांच्या वजाबाकीतून कळतं
एक खोली झाडायला एका जिवाला किती लागतं.
प्रत्येक कामाला सहा मिनिटं.

लॅकलन, वय नऊ. झाडू बॅटसारखा धरतो,
अर्धे कपटे सोफ्याखाली टोलवतो.
आधीच विचारलं होतं, घरी कोण झाडतं?
म्हणाला, रोबो.
त्याचा आलेख मात्र देखणा येतो, पायरी पायरीनं चढणारा.

मेलिआने, वय दहा.
तिनं बशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मास्कमध्ये बोलायचं नसतं
म्हणून बशीवरून बोट फिरवून दाखवलं:
स्वच्छ तर आहे.
मी मान हलवली, तरी धू.
धुतल्या तिनं. नळ बारीक ठेवून.

टॉवेलांच्या घड्या घातल्या एकाच हातानं.
डावा हात कमरेशी, कंबर जराशी बाहेर काढलेली,
जणू तिथं कुणी बसलंय आणि घसरेल.
"दोन्ही हात, मेलिआने."
दोन्ही हातांनी ती अडखळली,
घडी वाकडी झाली,
आकडा वाढला.

पट्टा सैल करताना कळलं, विचारलं नव्हतं तरी:
आई मांसाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
धाकट्याला दात येतायत.
पहाटे चारला बाटली लागते त्याला,
कोमट. गार चालत नाही.

शेवटी विश्रांती.
उताणं पडायचं, हलायचं नाही, जागं राहायचं.
नियम ठळक अक्षरांत भिंतीवर आहे:
मूल झोपल्यास उठवावे.

टीव्हीवर पेंग्विन घसरगुंडी खेळत होते.
तिसऱ्या मिनिटाला तिचा हात पलंगावरून ओघळला
आणि पडद्यावरची रेघ उतरू लागली,
उतरतच गेली.
इतक्या वर्षांत कुठल्या मुलाची रेघ
इतकी खाली गेलेली मी पाहिली नव्हती.

उठले. तिच्या खांद्यापाशी हात नेला.
खिडकी वाऱ्यानं धडधडत होती,
आधी तिची कडी लावली.
मग टीव्हीचा आवाज घालवला.
मग मास्कची क्लिप काढली, एक, दुसरी,
गालावर त्याची लाल कड उमटली होती.
रेघ सपाट झाली.

काचेपलीकडून फेनविकसाहेबांनी खूण केली, काय झालं?
मी पंपाकडे बोट दाखवलं.
पंप बिचारा व्यवस्थित चालू होता.

वहीत लिहिलं: यंत्रात बिघाड. पुन्हा बोलवावे.
ती उठेपर्यंत
मी गुडघ्यांवर बसून कपटे गोळा केले.
एकोणचाळीस ग्रॅम भरले.