सायकाटा

अंबाजोगाईत, मंडी बाजारात,
सव्वीस वर्षं मी काउंटरमागं उभा आहे.
लिव्हरच्या गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापताना
जी चुरचुर होते, तेवढीच माझी तिची ओळख.
मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात,
कुठल्याशा परमुलखी काट्याचं लॅटिन नाव.
ते मी मोठ्यानं कधी वाचलं नव्हतं.

सोजरबाईनं वाचायला लावलं.
ती घाटनांदुराकडून यायची, सकाळच्या एस.टी.नं,
पिशवीत उंटकटारीची मुळी, ओल्या फडक्यात.
माळावर उकरलेली, कुदळीचा घाव तसाच.
पोराला तीही द्यायची, हीही द्यायची,
आणि मला बजावायची :
"डाक्टरला सांगू नगं, कल्याणप्पा.
दोघींत भांडन लावू नगं."

पोरगा लिंबराज. बोअरच्या गाडीवर होता,
तेलंगणापर्यंत जमिनीला भोकं पाडत हिंडायचा.
एकदाच आला दुकानात, पायरीवरच बसला,
डोळे असे, करडई फुलल्यासारखे.

"ह्या गोळीचं झाड कसं असतंय रं?"
मी म्हणालो, माहीत नाही.
"इकतोस आन् माहीत न्हाई?"
गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो.
रात्री शटर ओढताना मात्र
हसू मधेच अडकलं, कुलपासारखं.

बी पोस्टानं मागवलं. तपकिरी, तुकतुकीत,
करडईपेक्षा जरा सडपातळ.
लशीच्या थर्माकोलच्या खोक्यात माती भरली,
दिवाळी सरल्यावर गच्चीवर ठेवलं.
पानं आली, तळहाताएवढी, मग सुपाएवढी,
हिरव्यावर पांढऱ्या रेघा,
जणू चरवी कलंडली अन् कुणी पुसलंच नाही.
कडेनं काटे. माझ्या बोटाला रोज एक.
बायको म्हणाली, औषध आहे ना ते?
मग तुम्हालाच कसं टोचतं?

फाल्गुनात जांभळं बोंड उघडलं.
त्याच आठवड्यात सोजरबाई आली.
पिशवीत मुळी नव्हती.
काउंटरवर अडीच पट्ट्या ठेवल्या,
कडा नीट दुमडून.
"उरल्यात. घेतोस का वापस?"

कापलेली पट्टी परत घेत नाही,
पाटीच लावलीय तशी, लाल अक्षरात,
तिच्या डोक्याच्या बरोबर वर.
मी गल्ला उघडला. पैसे मोजले.
दोनदा चुकले.
मुळीनं काय केलं, गोळीनं काय केलं,
कोण कुठं कमी पडलं, मी विचारलं नाही.
तीही बोलली नाही.
पैसे कनवटीला लावून म्हणाली,
"ते झाड दाव म्हनलं व्हतं मी."

जिन्यावर दोनदा थांबली.
वर आल्यावर कंबरेवर हात ठेवून
सगळीकडून न्याहाळलं, सोयरीक बघावी तसं.
मग पदर बोटांना गुंडाळून,
करडई उपटताना गुंडाळतात तसा,
एक पान उलटं केलं.
"आगं बया. ही तर आपल्याच करडईची बहीन.
नुस्ती पांढरपेशी.
पानावर साय धरलीय बघ."
जरा वेळानं, माझ्याकडं न बघता,
"सायकाटा म्हनावं हिला."

सव्वीस वर्षांत त्या गोळीला
पहिल्यांदा कुणी नाव ठेवलं
आमच्या बोलीत.

चैत्राच्या उन्हात झाड उभं वाळलं.
बोंडं फुटली, म्हाताऱ्या उडाल्या
स्टँडच्या पत्र्यावर, रसवंतीच्या छपरावर.
वाचलेलं बी मी तिच्यासाठी काढलं.
हाताशी दुकानाचीच कागदी पाकिटं,
आणि पेन उचललं तसं, सवयीनं,
वाचता न येणाऱ्यांसाठी काढतो तो
अर्धा सूर्य काढून बसलो,
शेजारी चंद्रकोर.

खोडायला गेलो. थांबलो.
ती आली, पाकीट उन्हाकडं धरून हलवलं,
आतला खुळखुळ ऐकला.
"दोन टाइम?"
"नाही, मावशी. दिवाळीनंतर. एकदाच."
"आन् पानी?"

पाण्याचं चित्र मला काढता येईना.